तक्रार मागणारा माणूस

नूरभाईंच्या इम्रानचा फोन आला तेव्हा मी सांगवीच्या मंडईत मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. "सिस्टरमावशी, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. आणि मी त्याला काय विचारावं? "नाडी नीट बघितलीस का?"... जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार! तो बिचारा शांतपणे म्हणाला, "डॉक्टर येऊन गेले मावशी. चहा घेता घेता बसल्या जागीच गेले." मेथी तिथेच ठेवली आणि रिक्षा केली. घाईत मी रिक्षावाल्याला नूरभाईंच्या घराऐवजी त्यांच्या वर्कशॉपचा पत्ता सांगून बसले. भोसरी एमआयडीसीतली ती गल्ली मला डोळे मिटूनही सापडते. कामाच्या दिवशी ते शटर खाली ओढलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तोवर मी घट्ट होते, त्या शटरसमोर मात्र मला रडू आवरेना. रिक्षावाल्यानं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मग आम्ही घरी गेलो.

आता काही आठवडे उलटले. चाळिसाव्यालाही जाऊन आले. लिहायला बसले त्याचं कारण असं, की नूरभाईंचा विषय निघाला की जो तो म्हणतो, फार दानशूर माणूस हो. हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "सिस्टर, दानशूर म्हंजी देऊन मोकळा झालेला माणूस. आपुन मोकळं कुठं झालो?" असं म्हणून ते हसायचे. तेव्हा ते नेमके कसे होते, हे त्यांच्याशी सर्वांत जास्त भांडलेल्या बाईनं सांगावं हे बरं.

नूरभाई म्हणजे नुरुद्दीन तांबोळी. कारखान्यात सुटे भाग एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे न्यायला ज्या चाकांच्या ट्रॉल्या लागतात, त्या बनवायचा त्यांचा धंदा. आमची ओळख त्या धंद्याच्याही आधीची, आणि ती भांडणानं झाली. पिंपरीतल्या एका कंपनीत मी फर्स्ट एड रूमची नर्स होते आणि ते मेंटेनन्सला होते. एका दुपारी एका कामगाराच्या पायावर जड लोखंड पडलं. स्ट्रेचर कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्लीवाले साहेब जेवायला गेलेले. नूरभाईंनी वाट पाहिली नाही. एक ट्रॉली रिकामी केली, तिच्यात त्या माणसाला घातलं आणि पळत अख्खं आवार ओलांडून माझ्या दारात आणून सोडलं. ट्रॉली तेलानं माखलेली, तिच्यात लोखंडाचा चुरा. मी जी त्यांच्यावर घसरले! "सिस्टर, मला नंतर झापा, आधी ह्याचा पाय बघा," ते म्हणाले. मी पाय बघितला.

आठवड्याभरानं तेच गृहस्थ भंगारातल्या पाइपांची, रबरी चाकांची एक स्ट्रेचर-ट्रॉली ढकलत हजर. "नापास करा," म्हणाले. मला कळेचना. "म्हंजी काय चुकलंय ते सांगा. चांगली हाय म्हणू नका, त्याचा काय उपेग न्हाई." मी कशाला मागे हटतेय! उंची चुकली आहे, कड बोचते, डोक्याकडची बाजू वर होत नाही, होतं नव्हतं ते सगळं ऐकवलं. हा मनुष्य मनापासून खूश होऊन ट्रॉली परत घेऊन गेला आणि सगळं सुधारून घेऊन आला. कौतुकानं फुगणारी माणसं मी ढीगभर पाहिली होती, पण दोष काढल्यावर इतका खुललेला माणूस त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हापासून मी त्यांची सिस्टर झाले.

पुढे कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि त्यांनी भोसरीत वर्कशॉप टाकलं. शटरमधून आत गेलं की डाव्या हाताला शाळेत असतो तसा एक काळा फळा. माल परत आला, गिऱ्हाईक फोनवर ओरडलं, की नूरभाई स्वतः त्यावर लिहायचे, 'चाक करकरतं', 'हँडल हातात येतं', आणि दुरुस्ती होऊन गिऱ्हाइकानं हो म्हटल्याशिवाय ते पुसायचे नाहीत. फळ्याखालच्या कट्ट्यावर वडिलांचा पितळी पानाचा डबा, त्यात खडू. वडिलांचं मंचरला पानाचं दुकान होतं. पोरानं पान विकलं नाही, खाल्लंही नाही आणि वर डब्यात खडू भरले, याचं म्हाताऱ्याला शेवटपर्यंत वाईट वाटलं म्हणे. फळ्यावर एक जरी ओळ असली तरी त्या डब्याचं झाकण उघडं ठेवायचं, ही नूरभाईंची रीत. काम बाकी आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, असं ते म्हणत. फळा कोरा झाला की मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. "माल चांगला जातोय म्हणून गप हायेत, का कटाळून गप बसलेत, कसं कळायचं?" त्यांच्या बायकोला, शकीलाभाभींना, याची फार गंमत वाटायची. त्या म्हणायच्या, बाकीच्यांचे नवरे तक्रार आली की चिडतात, आमचे नाही आली की चिडतात.

रेवती ही आमच्या कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, तळेगाव दाभाड्याची. डॉक्टर झाली आणि आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका आडगावच्या छोट्या हॉस्पिटलात काही वर्षं काम करून परत आली. एकदा ती नूरभाईंना भेटायला वर्कशॉपवर आली होती, मीही होते. बोलता बोलता तिनं सांगितलं, की तिथं बाळंतपणाला बायका कितीतरी मैल चालत येतात. मोटार नाही, रस्ता म्हणजे लाल मातीची वाट. सायकली मात्र बऱ्याच घरांत आहेत. सायकलीमागे जोडायची गाडी असली तर बाईला तीत घालून आणता येतं. काही गावांनी अशा गाड्या केल्या आहेत, या हॉस्पिटलकडे मात्र एकही नाही. नूरभाईंनी चहात बिस्किट बुडवलं होतं, ते विरघळून कपाच्या तळाशी गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "म्हंजी ट्रॉलीच की," ते म्हणाले.

झालं, माणूस कामाला लागला. एकट्यानं होण्यासारखं ते नव्हतं. गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांनी भार उचलायचा, आमच्या सांगवीच्या बुद्धविहारातल्या बायकांनी हात लावायचा, असं ठरलं. अडून बसले ते दत्ताभाऊ. दत्ताभाऊ म्हणजे शेजारचे प्लेटिंगवाले, लोखंडी मालाला मुलामा देणारे, भोसरीच्या जुन्या गावकरी घरातले, बोलायला फटकळ आणि द्यायला सढळ. "राव नूरभाई, हितं पुलाखाली मानसं झोपत्यात अन् तुमी आफ्रिकंला निगाला व्हय?" नूरभाई म्हणाले, "त्यांनाबी बघू. पर आपल्याला येतं काय? ट्रॉली. मंग जिला ट्रॉली लागती तिला ट्रॉली द्यायची." "अन् त्यांनी तिकडं इकून खाल्ली तर?" रेवती त्या माणसांबरोबर राहिली आहे, तिथल्या मुख्य नर्सला, सिस्टर एस्टरना, ती ओळखते, शिवाय आपण पैसे पाठवत नाही, गाडी पाठवतोय, हे सगळं नूरभाईंनी समजावलं. आणि शेवटी म्हणाले, "तरी काय वाकडं झालं तर मला धरा. माझी जबान हाय." त्या गल्लीत नूरभाईंची जबान म्हणजे विषय संपला. दत्ताभाऊ तयार झाले, आमच्या विहारातल्या बायकाही तयार झाल्या, कारण त्यांना मी सांगितलं होतं आणि मला नूरभाईंनी.

पहिली गाडी तयार झाल्यावर तिची चाचणी घ्यायची होती आणि पेशंट म्हणून माझी नेमणूक झाली. साठी उलटलेली मी, सहावारी साडी... नाही, त्या दिवशी अक्कल येऊन पंजाबी ड्रेस घातला होता, तेवढं बरं. मला गाडीत आडवं केलं, पट्टे बांधले, आणि इम्राननं एमआयडीसीच्या रस्त्यावरून सायकल दामटली. टपरीवरचा चहावाला हातातला ग्लास टाकून धावत आला. "सिस्टर, काय झालं? कुठं नेतायत?" मी झोपल्या झोपल्या म्हटलं, "आफ्रिकेला!" सगळी गल्ली हसत होती. मग आला स्पीडब्रेकर. इथं ब्रेकबद्दल सांगायला हवं. कारखान्यातल्या ट्रॉलीचा दांडा हातातून सुटून वर उचलला गेला की ब्रेक आपोआप लागावा लागतो, नाहीतर ट्रॉली घरंगळून कुणाच्या तरी अंगावर जाते. तसा ब्रेक नसला तर चाकणच्या कंपन्यांतले क्वालिटीवाले ट्रॉली दारातूनच परत पाठवतात. नूरभाईंनी तोच ब्रेक या गाडीच्या, सायकलीला जोडायच्या दांड्याला लावला होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. स्पीडब्रेकरवर दांडा जरासा उचलला गेला, गाडीनं गचका देऊन जागीच पाय रोवले आणि माझं डोकं पत्र्यावर आपटलं. "बघा," नूरभाई ओरडले, "कसा चोख लागतो!" आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा, डोकं चोळत चोळत.

गाड्या सुट्या करून, खोक्यांत भरून जहाजानं रवाना झाल्या. पोचल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ आभार यायला लागले. थँक्यूचे निरोप, आशीर्वाद, नर्सेसचं गाणं. नाताळच्या सुमारास एक फोटो आला. सिस्टर एस्टर आणि त्यांच्या नर्सेस ओळीनं उभ्या, हातात पाटी, 'भोसरीच्या मित्रांचे आभार'. नूरभाईंनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना बोलावून भजी मागवली. फोटो हातोहात फिरत दत्ताभाऊंकडे गेला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, कोपऱ्याकडे सरकवला आणि चष्मा वर केला. "नूरभाई, ह्यो मागं लाकडाचा भारा दिसतोय. त्यो ज्याच्यात हाय ती आपली गाडी न्हवं का? अन् तिच्या शेजारची मक्याची पोती घेऊन उभी हाय, ती?" फोटो परत फिरला. आपल्याच गाड्या होत्या. भज्यांच्या ताटलीकडे कुणाचा हात जाईना.

त्या दिवशी जे बोलणं झालं ते वाईट नव्हतं, पण ते टोचणारं होतं. पुढच्या गाड्यांचं राहू द्या, असं दोघा-तिघांनी हळू आवाजात सांगितलं. विहारातल्या बायकांनी मला विचारलं, ताई, आपण बाळंतिणींसाठी दिलं होतं ना, मग हे सरपण काय? दत्ताभाऊंनी मात्र 'बघा, मी म्हणलो नव्हतो का' असं एकदाही म्हटलं नाही, आणि नूरभाईंना त्याचंच जास्त लागलं असावं. "जबान माझी हुती," ते म्हणाले, "मी बघतो." भाभी सांगत होत्या, की ते दोन दिवस धड जेवले नाहीत.

मग ते स्कूटर घेऊन माझ्या घरी आले. बाल्कनीतल्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "सिस्टर, समजा चाकणच्या कंपनीनं माझी ट्रॉली कोपऱ्यात टाकली अन् तिच्यात झाडू ठिवले. चूक कुणाची?" मी म्हटलं, "तुमची. चालण्यासारखी असती तर चालवली असती." "मंग तिकडचं गिऱ्हाईक येगळं हाय का?" आम्ही सगळे ती माणसं कशी आहेत याचा विचार करत होतो, आणि हा मनुष्य आपल्या गाडीत काय चुकलं याचा. "इकत घेतली असती तर त्यांनी शिव्या घातल्या असत्या," नूरभाई म्हणाले. "फुकटच्या मालाची कंप्लेंट येत न्हाई, सिस्टर. थँक्यू येतं."

रेवतीला मध्ये घालून फोन केला. गाड्या कशा आहेत? छान आहेत, देव तुमचं भलं करो. काही अडचण? छे, काहीच नाही, थँक्यू. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. शेवटी रेवती म्हणाली, "काका, त्या नाही सांगणार. मी तिथं असताना एकांनी एक मशीन दिलं होतं. ते तिथल्या लाइटवर चालत नाही, असं सिस्टरनी कळवलं. पुढच्या वर्षापासून त्या लोकांची औषधंसुद्धा यायची बंद झाली. आता काहीही आलं तरी त्या छान आहे म्हणतात. औषधं आली पाहिजेत ना." मीही नर्स आहे. कंपनीत यायच्या आधी वॉर्डात होते, तेव्हा सलाइनच्या दोन बाटल्या जास्त मिळाव्यात म्हणून साहेबलोकांपुढे किती वेळा 'छान आहे सर' म्हटलंय, ते माझं मला माहीत.

नूरभाईंनी काय करावं? इस्त्रीचा शर्ट घातला आणि इम्रानला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला. वर्कशॉपमध्ये एक लाल पेटी असते, नापास मालाची. एरवी कुणी पाहुणा आला की ती पेटी मागं ढकलतात. यांनी ती मधोमध ओढली आणि एकेक तुकडा हातात घेऊन दाखवला. हा वाकडा वेल्ड, हे चुकलेलं भोक. मग फळ्यासमोर उभे राहिले. "सिस्टर एस्टर, ह्यो बघा आमचा फळा. ह्या कंपनीनं माझा माल किती बारी परत पाठवलाय, मोजदाद न्हाई. तरी येव्हार तुटला का? न्हाई. ती सांगत्यात, मी दुरुस्त करतो, असं आमचं चाललंय. तुमी आमच्या गाडीत लाकडं भरता त्याचा मला राग न्हाई. पर ती बायांसाठी का चालंना, तेवढं सांगा. तुमी सांगितलं म्हणून कायबी बंद व्हनार न्हाई. उलट गप बसला तर पुढची गाडीबी मी तशीच चुकीची करीन." रेवतीनं त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं. मग आठवडे गेले आणि काहीच आलं नाही, थँक्यूसुद्धा नाही. दत्ताभाऊ येता-जाता फळ्याकडे बघायचे आणि निघून जायचे.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा एका दुपारी माझा फोन वाजला. "सिस्टर! आली! कंप्लेंट आली!" घरात नातवंड जन्मल्यासारखा आवाज. मी पोचले तेव्हा रेवतीही तळेगावाहून आली होती. सिस्टर एस्टरनी आपला आवाज भरून पाठवला होता. सुरुवातीला चाचरत, माफी मागत, आणि मग जो बांध फुटला... रेवती एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगत होती आणि नूरभाई खडू घेऊन लिहीत होते, त्यांचा चेहरा असा फुललेला. बाई सपाट झोपूच शकत नाही, पोटुशीला श्वास लागतो. "सिस्टर, सपाट झोपल्या तुमीच हुत्या," ते माझ्याकडे वळून म्हणाले. मी म्हटलं, "मी पोटुशी नव्हते." सगळे हसले. मग ब्रेकचं आलं. तिथं वाटेत कोरडे ओढे आहेत. सायकल ओढ्यातून वर चढायला लागली की दांडा उचलला जातो, आणि गाडी जागीच अडते. एका बाईच्या कळा सुरू झाल्या होत्या, पहिलं बाळंतपण, नवरा सायकल ओढत होता. ओढ्यात गाडी अडली ती हलेचना. शेवटी ती बाई खाली उतरली आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून, बसत उठत, तो चढ चढली. पोचली, बाळबाळंतीण वाचली. पण आता ती गावोगाव सांगते, त्या गाडीत बसू नका, ती मध्येच सोडून देते.

नूरभाईंचा खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. "चालली?" ते म्हणाले. "तशा पोटानं?..." आणि खाली, वर्कशॉपच्या फरशीवरच बसले. तो ब्रेक कुणाला इजा होऊ नये म्हणून लावलेला. मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ओढ्यात ब्रेक लागतो', त्याखाली जाड रेघ ओढली, आणि पानाच्या डब्याचं झाकण उघडं टाकून हत्यारं काढायला गेले.

नवी गाडी घेऊन आम्ही मोशीकडे इंद्रायणीच्या काठी गेलो, चांगला खडबडीत उतार शोधून. आपोआप लागणारा ब्रेक काढून टाकला होता, त्याजागी सायकलवाल्याच्या हातात ब्रेकची साधी तार दिली होती. पाठ टेकून बसता येईल अशी बैठक केली होती. पेशंट अर्थात मीच. आणि सायकलवर कोण, तर दत्ताभाऊ! "माजं वजन बी हाय, ताकद बी हाय. मी चडवली तर कुनीबी चडवील." हा धिप्पाड गडी धापा टाकत, लालेलाल होऊन मला वर घेऊन आला. गाडी कुठेही अडली नाही. वर आल्यावर ते नूरभाईंना म्हणाले, "म्होरल्या गाड्यांचे पाइप माझ्या टेम्पोत भरून आणतो." त्या फोटोचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्यानंतर मात्र मलावीच्या तक्रारींना खंड पडला नाही. ऊन लागतं, छप्पर हवं. छप्पर वाऱ्यानं उडतं. ट्यूब इथं मिळत नाही, दुसऱ्या मापाची द्या. प्रत्येक ओळ फळ्यावर, चाकणच्या कंपन्यांच्या बरोबरीनं. कुणी नवा माणूस मदत द्यायला आला आणि त्यानं विचारलं, इतक्या लांब नीट चाललंय याचा भरवसा काय, की नूरभाई फळ्याकडे बोट दाखवायचे. "भांडत्यात. म्हंजी वापरत्यात." त्या भरवशावर आमच्या विहारातल्या बायका दर वर्षी आपणहून विचारायला लागल्या, यंदा गाडी कधी.

शेवटचं भेटले तेव्हा ते जरा दमलेले वाटले. मी ब्लड प्रेशर तपासायचा आग्रह धरला, ते म्हणाले उद्या. फळा कोरा होता. "परवाच शेवटची पुसली," ते म्हणाले. "लई दिवसांत तिकडनं काय आलं न्हाई, सिस्टर. बरं हाय न्हवं त्यांचं?" मी म्हटलं, बरं असेल म्हणूनच गप्प असतील. त्यांना काही ते पटलं नाही...

चाळिसाव्याला जेवणं झाल्यावर इम्रान आम्हाला वर्कशॉपवर घेऊन गेला. भाभींनी तिथं येऊन सगळं झाडून पुसून ठेवलं होतं. फळा कोरा, आणि पितळी डब्याला झाकण. सिस्टर एस्टरचा निरोप आला होता, तो इम्राननं ऐकवला. नर्सेसनी प्रार्थनेचं गाणं म्हटलं होतं, आणि शेवटी पुन्हा पुन्हा थँक्यू, थँक्यू. ऐकणारे सगळे गहिवरले. मी मात्र घाबरले. इतक्या खटपटीनं त्या बाईचं तोंड नूरभाईंनी उघडलं होतं, आणि आता पुन्हा थँक्यू आलं होतं. दत्ताभाऊंनी ते बोलून दाखवलं. "इम्रान, आमी हाय. पर ती तुज्या बापासंगं भांडत हुती. तुज्यासंगं भांडतील का?" इम्रान मुळातच कमी बोलतो. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाच्या जागी उभं राहून, तसाच लाल पेटीचा व्हिडिओ काढून पाठवला, हे मला नंतर भाभींकडून कळलं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सिस्टरमावशी, येता का? तुमच्याशिवाय लिहायचं नाही असं अम्मी म्हणतेय." मी गेले. भाभी फळ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, दत्ताभाऊ दारात उभे. इम्राननं मोबाइल लावला. सिस्टर एस्टर आधी थांबत थांबत इंग्रजीत बोलत होत्या. तुझ्या वडिलांना जे सांगता यायचं ते तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं. तुझं दुःख ताजं आहे. पण काल एक बाई आली, नव्या गाडीचा कमरेचा पट्टा सैल होतो, सरकतो, वाटभर तिनं दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या होत्या. आणि मग त्यांचा आवाज चढला, अगदी माझ्यासारखा, वॉर्डातल्या नर्सचा. हे चालणार नाही. हे बरोबर केलेलं नाही. पट्टा बदल.

"काय म्हणत्यात?" भाभींनी मला विचारलं. "भाभी," मी म्हटलं, "तुमच्या मुलाला झापतायत." त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली. "अल्ला भलं करो त्या बाईचं," त्या म्हणाल्या, आणि वाकून तो पितळी डबा त्यांनी स्वतः पुढं ओढला, झाकण काढलं आणि खडू मुलाच्या हातात दिला. इम्राननं लिहिलं, 'पट्टा सरकतो'. दत्ताभाऊ म्हणाले, "टेम्पोच्या ताडपत्रीला लावत्यात तसला पट्टा हाय माज्याकडं, लय चिवट. आनतो." आणि ते गेलेसुद्धा.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो. वर्कशॉपमधल्या नमुन्याच्या गाडीला पट्टा लावून, ओढून बघून, पुन्हा सोडून झाला. मी बसून दाखवलं, दोष काढले, इम्राननं ते ऐकून घेतले. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा भाभींनी आवरायला म्हणून डब्याच्या झाकणाकडे हात नेला, फळ्याकडे एकदा पाहिलं, आणि तो तसाच मागं घेतला.